वैमानिक व्हायचे? आधी डोळे, मग गणित, शेवटी पैसा



धानाच्या बांधीत रोवणी चाललेली असते. वरून विमानाचा आवाज येतो. माणसे क्षणभर वर पाहतात आणि पुन्हा कामाला लागतात. एखादे पोर मात्र विमान दिसेनासे होईपर्यंत तसेच उभे राहते. असे पोर सिहोऱ्यात असेल, तुमसरातही असेल. आजचे चार शब्द त्याच्यासाठी, त्याच्या गुरुजींसाठी आणि विशेषतः त्याच्या वडिलांसाठी.

विमान चालवण्याचे शिक्षण आपल्यापासून दूर नाही. शेजारच्या गोंदिया जिल्ह्यात बिरसी येथे इंग्रजांच्या काळात, दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी धावपट्टी तयार झाली. तिथेच 2008 सालच्या सुमारास राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था उभी राहिली. पण जवळ आहे म्हणून सोपे आहे, असे मात्र समजू नका. 18 मार्च 2023 रोजी बिरसीहून उडालेले एक शिकाऊ विमान बालाघाट जिल्ह्यातल्या डोंगरात कोसळले आणि शिक्षक व विद्यार्थिनी दोघेही दगावले. हे काम पूर्ण लक्ष मागणारे आहे.

आता क्रम ऐका. पहिली पायरी शरीराची. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्य केलेल्या डॉक्टरांकडून आधी वर्ग 2 ची आणि मग वर्ग 1 ची तपासणी होते. चष्मा असला म्हणून घाबरू नका. चष्म्याने नीट दिसत असेल तर बहुधा अडत नाही. पण रंग ओळखता आलेच पाहिजेत. विमान योग्य उंचीवरून उतरते आहे की नाही, हे धावपट्टीशेजारचे लाल-पांढरे दिवे सांगतात. ते दिवे ज्याला सारखेच दिसतील, त्याने काय करावे?

दुसरी पायरी अभ्यासाची. बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित घ्या. सुटले असतील तर मुक्त विद्यालयातून ते विषय पुन्हा देता येतात. हे विषय कशासाठी? वैनगंगा डोंग्याने ओलांडणारा नावाडी नाक समोरच्या घाटावर धरीत नाही. थोडे वरच्या अंगाला धरतो, कारण धार त्याला खाली ओढते. विमानाचेही तसेच. ताशी 180 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या विमानाला ताशी 30 किलोमीटरचा आडवा वारा लागला आणि वैमानिकाने नाक वळवले नाही, तर तासाभरात ते 30 किलोमीटर बाजूला जाईल. नाक किती वळवायचे, ते त्रिकोणमिती सांगते. गुरुजी, हे उदाहरण वर्गात जरूर फळ्यावर मांडा.

हवामानशास्त्र, दिशाशोधन, हवाई नियम, विमानाची तांत्रिक माहिती असे पेपर असतात आणि उत्तीर्ण व्हायला 70 टक्के गुण लागतात. रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा. तिथे अलंकारिक इंग्रजी नको. ऐकलेली सूचना जशीच्या तशी, स्पष्ट म्हणून दाखवता आली पाहिजे. हा सराव गावच्या शाळेतही होतो, बरं का.

शिकाऊ परवाना 16 व्या वर्षी मिळतो. व्यावसायिक परवान्याला वय 18 आणि 200 तासांचे उड्डाण लागते. मुलींनीही मागे राहू नये. 1985 साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फक्त स्त्रियांच्या चमूसह प्रवासी विमान कोलकात्याहून सिल्चरला नेले होते.

तिसरी पायरी पैशाची, आणि ती तिसरीच राहू द्या. शिक्षणाचा खर्च अर्ध्या कोटीच्या घरात जातो. परवाना हाती आला म्हणजे नोकरी लागलीच, असेही नाही. 2012 मध्ये किंगफिशरची आणि 2019 मध्ये जेटची विमाने थांबली, तेव्हा अनुभवी वैमानिकही घरी बसले. म्हणून वर्ग 1 ची तपासणी होण्यापूर्वी, एक-दोन पेपर निघण्यापूर्वी बांधी विकू नका, गहाणही टाकू नका. रायबरेलीजवळच्या फुरसतगंज येथील सरकारी उड्डाण अकादमीची प्रवेशपरीक्षा द्या. अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनी शिष्यवृत्तीची चौकशी समाजकल्याण किंवा आदिवासी विकास कार्यालयात करावी.

आणि तपासणीत नापास झालात तर? विमानाची दुरुस्ती, विमानतळाचे व्यवस्थापन, हवामान खाते ही दारेही त्याच आभाळाकडे उघडतात. पोराला वर पाहू द्या; फक्त पायाखालची बांधी शाबूत ठेवा.