शाहिरी गीत : सामूहिक स्मृतीचे माध्यम

प्रस्तावना :
सामाजिक विषमतेविरुद्ध गाण्याची परंपरा महाराष्ट्रात सत्यशोधक व आंबेडकरी जलशांनी रुजविली. तमाशाचा परिचित घाट स्वीकारून जलशांनी त्यात प्रबोधनाचा आशय भरला. समूहाने उचललेल्या ध्रुपदामुळे निरक्षर श्रोताही गाण्यात सहभागी झाला. सार्वजनिक शोकप्रसंगी हे गीत कोणते कार्य करते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

विवेचन :
११ जुलै १९९७ रोजी मुंबईतील घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली. निषेधासाठी जमलेल्या लोकांवर राज्य राखीव पोलीस दलाने केलेल्या गोळीबारात १० जण मृत्युमुखी पडले. श्रमिकांची व्यथा गाणारे शाहीर विलास घोगरे यांनी या घटनेने व्यथित होऊन १५ जुलैला जीवन संपविले. गोळीबारप्रकरणी सत्र न्यायालयाचा निकाल २००९ मध्ये लागला. घटना आणि निकाल यांमधील १२ वर्षांत मृतांची आठवण वस्तीने गाण्यातून जागती ठेवली. आनंद पटवर्धन यांच्या 'जय भीम कॉम्रेड' (२०११) या १४ वर्षे चित्रित झालेल्या माहितीपटात त्याची साक्ष मिळते.

निष्कर्ष :
शाहिरी गीत वैयक्तिक शोकाला सामूहिक प्रश्नाचे रूप देते. मात्र समूहाला आधार देणारे गाणे गायकाला सावरू शकेलच असे नाही, हे घोगरे यांच्या अंतातून दिसते. म्हणून शाहिरी अध्यापनात केवळ वाङ्मयप्रकार न राहता त्यामागील घटना, तारीख व माणसे यांसह शिकविली जाणे आवश्यक आहे.