औषधाची नांवनिशी

घरांत कोणास ताप आला कीं औषधांचा डबा उघडला जातो. त्यांत क्रोसिनची पट्टी असते, कॅल्पोलची असते, डोलोचीही असते. शिवाय मागें केव्हां तरी सर्दीवर आणलेली एकादी गोळी सांपडतेच. एका गोळीनें ताप उतरला नाहीं म्हणून थोड्या वेळानें दुसऱ्या नांवाची गोळी देण्यांत येते, आणि देणाऱ्यास वाटतें कीं औषध बदललें. वास्तविक बदललेलें असतें तें केवळ नांव. या तिन्ही पट्ट्यांतील मुख्य द्रव्य एकच, पॅरासिटामोल. आणि सर्दीवरच्या पुष्कळशा गोळ्यांतही तेंच मिसळलेलें असतें. मोठ्या माणसास दिवसाकांठीं चार ग्रॅम ही त्याची कमाल मर्यादा मानतात. ती बरीच ओलांडली गेली तर यकृतास गंभीर अपाय होऊं शकतो, व पहिल्या दिवशीं तो बाहेरून फारसा जाणवतही नाहीं. अमेरिकेंत गेलेल्या मुलाकडे आईवडील राहावयास गेले तर तेथें हेंच द्रव्य असेटामिनोफेन या तिसऱ्याच नांवानें भेटतें.

तेव्हां नांवावर विसंबून औषधांची माहिती लावूं गेल्यास घोटाळा ठरलेलाच. यावर शास्त्रज्ञांनीं योजलेली युक्ति कोणत्याही चांगल्या हिशेबनिसास ओळखीची वाटेल. औषधांचा माहितीकोश, ज्यास आज सर्रास डेटाबेस म्हणतात, तो एक जाडजूड वही नसून एकमेकींशीं बांधलेल्या अनेक वह्यांचा संच असतो. पहिल्या वहींत फक्त द्रव्यें, आणि एका द्रव्यास एकच पान. दुसरींत व्यापारी नांवें. तिसरींत कारखानदार व त्यांचे परवाने. चौथींत एका वेळीं तयार झालेला माल, म्हणजे बॅच. क्रोसिनच्या ओळींत पॅरासिटामोलचे गुणदोष लिहावयाचे नाहींत. तेथें त्या द्रव्याच्या पानाचा क्रमांक तेवढा घालावयाचा. हा कंजूषपणा वाटेल, परंतु सारी मेख येथेंच आहे. यकृतासंबंधीं नवी सूचना निघाली तर ती एका पानावर लिहितांच सर्व नांवांना लागू होते. तीच सूचना प्रत्येक नांवापुढें वेगळी लिहीत बसल्यास एकाद्या ओळींत जुनी माहिती तशीच राहणार, आणि नेमकी तीच ओळ कोणाच्या तरी हातीं पडणार.

द्रव्याचा क्रमांक कोठून आणावयाचा? अमेरिकेंतील केमिकल ॲब्स्ट्रॅक्ट्स सर्व्हिस या संस्थेनें १९६५ सालापासून रासायनिक द्रव्यांस क्रमांक देण्यास प्रारंभ केला; पॅरासिटामोलचा क्रमांक १०३-९०-२. त्यांतील शेवटचा २ हा निव्वळ पहारेकरी आहे. उरलेले अंक उजवीकडून घ्यावे, त्यांस अनुक्रमें १, २, ३, ४ व ५ यांनीं गुणावें आणि बेरीज करावी. शून्य, अठरा, नऊ, शून्य व पांच मिळून ३२ होतात. त्यांतील एकंस्थानचा अंक २. नकलणाऱ्याच्या हातून एक अंक चुकला तर बहुधा हा हिशेब जुळत नाहीं व चूक तेथल्या तेथें पकडली जाते.

औषध कोणत्या कामीं येतें हा प्रश्न मात्र निराळा, व त्याची वर्गवारीही निराळी ठेवावी लागते. ॲस्पिरिन वेदनाशामकांतही बसतें आणि रक्ताच्या गुठळ्या होऊं न देणाऱ्या औषधांतही. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणांत त्यास एकाहून अधिक ठिकाणें आहेत. द्रव्याचें पान एकच, पण त्याकडे नेणाऱ्या वाटा अनेक. क्षारांच्या बाबतींत याहून अधिक जपावें लागतें. रक्तदाबावरील अम्लोडिपिनच्या ५ मिलिग्रॅमच्या गोळींत त्याचा बेसिलेट हा क्षार सुमारें ६.९ मिलिग्रॅम घातलेला असतो. कोणता आंकडा कशाचा हें कोशांत स्पष्ट लिहिलेलें नसेल तर दोन्ही आंकडे खरे असूनही वाचणारा फसतो.

कल्याणच्या पुढें कर्जतच्या वाटेवर उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर हीं स्थानकें लागतात. अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचीं मूळ द्रव्यें तयार करणारे कारखाने आहेत. तेथून निघालेलें पिंप गोळ्या बनविणाऱ्या दुसऱ्या कारखान्यांत, कदाचित् परप्रांतांत जातें. तेथें त्यावर नवें नांव चढतें, आणि तोच माल पट्टीच्या रूपानें उल्हासनगरच्या एकाद्या कॅंपांतील दुकानांत परत येऊं शकतो. पिंप आणि पट्टी यांचें नातें दुकानदारासही दिसत नाहीं. १ जानेवारी २०२३ पासून मूळ द्रव्यांच्या वेष्टनांवर क्यूआर कोडाची चौकट सक्तीची झाली ती यासाठींच. तींत द्रव्याचें नांव, कारखान्याचा पत्ता, बॅचचा क्रमांक, उत्पादनाची तारीख, परवान्याचा क्रमांक इत्यादि नोंदी वाचतां येतात. त्याच वर्षीं १ ऑगस्टपासून ठराविक ३०० नांवांच्या तयार औषधांवरही अशी चौकट आली. कॅल्पोल व डोलो हीं त्यांपैकींच.

एवढ्यानें सर्व साधलें असें मात्र नाहीं. १९८६ सालच्या आरंभीं मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण दगावले. ग्लिसरॉल म्हणून आलेल्या मालांत डायएथिलिन ग्लायकोल हें मूत्रपिंडें निकामी करणारें द्रव्य होतें. न्यायमूर्ति लेंटिन यांच्या आयोगानें त्या प्रकरणाची चौकशी केली. हें विष कांहीं नवें नव्हतें. १९३७ सालीं अमेरिकेंत सल्फानिलामाइडचें एक पातळ औषध याच द्रव्यांत विरघळवून विकलें गेलें व शंभराहून अधिक माणसें मेलीं. म्हणजे माहिती जवळजवळ पन्नास वर्षें जगांत होती. पुस्तकांत होती, कायद्याच्या इतिहासांत होती. मुंबईंत तो माल स्वीकारणाऱ्या हातापाशीं तेवढी नव्हती. २०२२ सालीं गांबियांत खोकल्याच्या औषधांतून तेंच विष पुनः मुलांच्या पोटांत गेलें.

चौकट पिंपाच्या आंत पाहत नाहीं. ग्लिसरिन असें लिहिलेलें पिंप ग्लिसरिनचेंच आहे हें नमुना काढून, तपासूनच ठरवावें लागतें. अमेरिकेच्या औषधिसंहितेंत त्यांतील डायएथिलिन ग्लायकोलची मर्यादा ०.१ टक्का ठेवली आहे. या तपासाचा निकाल चौथ्या वहींत त्या बॅचपुढें लिहावयाचा असतो. उत्तम कोशांत ती जागा कोरी असेपर्यंत मालास फाटकाबाहेर जाण्याचा हुकूम निघत नाहीं, मग बाहेर मालमोटार कितीही वेळ खोळंबलेली असो.