पद नसलेला पेशा
परळच्या मैदानांवरून दिसणारे महाविद्यालयीन महिला फुटबॉलचे प्रशिक्षण

महाविद्यालयातील मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवणे हा मुंबईत प्रत्यक्ष चालणारा, परंतु नोकरीच्या पदयादीत स्वतंत्र नावाने क्वचितच सापडणारा पेशा आहे. मुंबई विद्यापीठाच्या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत महिला फुटबॉलचा समावेश असल्यामुळे संघ उभारावा लागतो, संघ उभारला की त्याला शिकवणारी व्यक्ती लागते, आणि तरीही त्या व्यक्तीचे वेतन, तिची बढती आणि तिची निवृत्ती यांचा विचार करणारी व्यवस्था मात्र तयार झालेली नाही. त्यामुळे या क्षेत्रात येणारी स्त्री एक नोकरी करत नाही. ती तीन-चार अर्धवट कामांची सांगड घालून त्यातून स्वतःची कारकीर्द घडवते. ही सांगड कशी घातली जाते आणि ती कुठे तुटते, हे समजून घेण्यास परळइतका बोलका परिसर शोधून सापडणार नाही.

परळमध्ये महर्षी दयानंद महाविद्यालयासारखी शिक्षणसंस्था आहे, फुटबॉलचे सामने होणारे सेंट झेवियर मैदान आहे, नरे पार्क आहे आणि कामगारांच्या खेळासाठी राखलेले कामगार मैदानही जवळच आहे. तसेच खेळाला सामाजिक प्रतिष्ठा देणारी गिरणगावाची, म्हणजे कापडगिरण्यांभोवतीच्या कामगारवस्तीची, जुनी परंपरा आहे. मात्र ही परंपरा मुख्यतः कबड्डीची आणि खो-खोची आहे. परळच्या डॉ. शिरोडकर स्पोर्ट्स क्लबसारख्या किंवा दादरच्या शिवशक्ती महिला संघासारख्या मंडळांनी मुलींच्या कबड्डीला वस्तीतच आधार दिला, त्यामुळे महाविद्यालयाच्या कबड्डी प्रशिक्षकाकडे येणारी मुलगी बहुधा आधीच खेळाडू असते. फुटबॉलच्या प्रशिक्षकाला हा आयता वारसा मिळत नाही. तिच्याकडे येणाऱ्यांपैकी अनेकींचा पाय चेंडूला प्रथमच लागत असतो.

गिरण्यांनी पुरुषांना दिले ते

मुंबईच्या फुटबॉलचा इतिहास मोठा आहे. रोव्हर्स चषक स्पर्धा येथे १८९१ मध्ये सुरू झाली आणि १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा हा याच शहराचा खेळाडू होता. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मफतलाल, ऑर्के मिल्स, टाटा, महिंद्र यांसारख्या कंपन्यांचे संघ नावाजले गेले. या संघांमुळे खेळाडूला पगाराची नोकरी मिळे, खेळ थांबल्यावरही ती नोकरी टिकून राही आणि संध्याकाळी मैदानावर मुलांना शिकवण्याची उसंत त्याच नोकरीच्या आधारावर मिळत असे. पुरुष प्रशिक्षकांची एक संपूर्ण पिढी अशा रीतीने कंपनीच्या हजेरीपटावर पोसली गेली.

स्त्रियांच्या वाट्याला ही सोय आली नाही, कारण त्यांच्या खेळाची संघटनात्मक सुरुवातच उशिरा झाली. भारतीय महिला फुटबॉल महासंघ १९७५ च्या सुमारास लखनौ येथे स्थापन झाला आणि त्यानंतर राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्या. आरंभीचे यश लक्षणीय होते: आशियाई महिला स्पर्धेत भारत १९८० मध्ये कालिकत येथे आणि १९८३ मध्ये बँकॉक येथे उपविजेता ठरला, आणि १९८३ मध्येच शांती मलिक हिला अर्जुन पुरस्कार मिळाला. परंतु हा वेगळा महासंघ मुख्य फुटबॉल संघटनेच्या बाहेर होता. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने महिलांच्या खेळाची सूत्रे १९९० च्या दशकाच्या आरंभी हाती घेतली. दरम्यान १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी कामगारांच्या संपानंतर गिरणगावाचे अर्थकारण कोसळले होते. म्हणजे मुली मैदानात येऊ लागल्या तेव्हा खेळाडूला नोकरीवर ठेवण्याची औद्योगिक रीत ओसरू लागली होती. ही पोकळी काही अंशी रेल्वेने भरून काढली आणि काही अंशी महाविद्यालयांनी. त्यांतली महाविद्यालयांची बाजू अधिक कमकुवत राहिली.

जिमखाना आणि मानधन

मुंबईच्या महाविद्यालयांत क्रीडा विभागाला आजही ‘जिमखाना’ म्हणतात. त्याचा प्रमुख असतो शारीरिक शिक्षण संचालक, ज्याला बोलीत ‘स्पोर्ट्स सर’ किंवा ‘मॅडम’ म्हटले जाते. हे शिक्षकांच्या तोडीचे, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या नियमांनी बांधलेले पद आहे. आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार त्यासाठी शारीरिक शिक्षणातील पदव्युत्तर पदवी किमान ५५ टक्के गुणांसह, नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा अथवा पीएचडी, स्पर्धांतील सहभागाची नोंद आणि शारीरिक क्षमतेची चाचणी आवश्यक असते. तीस वर्षांपर्यंतच्या महिला उमेदवाराला या चाचणीत आठ मिनिटांत एक हजार मीटर अंतर पार करावे लागते. मात्र हा संचालक फुटबॉलचा तज्ज्ञ असेलच असे नाही, कारण एकाच व्यक्तीकडे बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सर्व खेळांचे प्रवेश अर्ज, ओळखपत्रे, प्रवासभत्ते आणि हिशेब सोपवलेले असतात.

म्हणून विशिष्ट खेळासाठी बाहेरून प्रशिक्षक बोलावला जातो आणि त्याला हंगामापुरते मानधन दिले जाते. वेतन आणि मानधन यांतील फरक येथे निर्णायक ठरतो: वेतनाबरोबर रजा, भविष्यनिर्वाह निधी आणि सेवाज्येष्ठता येते, तर मानधन कामाच्या दिवसांबरोबर संपते. मुंबईत फुटबॉल हा प्रामुख्याने पावसाळी खेळ असून थंडी सुरू होताच मैदाने क्रिकेटच्या खेळपट्ट्यांनी व्यापली जातात, त्यामुळे महाविद्यालयीन प्रशिक्षकाचा हंगाम मोजक्या महिन्यांत आटोपतो. उरलेल्या काळात हे काम करणारी स्त्री एखाद्या शाळेत, खासगी अकादमीत किंवा क्लबमध्ये शिकवते, पंच म्हणून उभी राहते किंवा व्यायामशाळेत काम पाहते. अशा चार ठिकाणच्या चार उत्पन्नांची बेरीज म्हणजे तिची नोकरी होय.

परवान्यांची शिडी

या पेशात प्रवेश करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिला शिक्षणाचा: बी.पी.एड. आणि एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणातील पदव्या, ज्यांसाठी मुंबईत वडाळ्याचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय आणि विदर्भात १९१४ साली स्थापन झालेले अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ ही ओळखीची ठिकाणे आहेत. पतियाळा येथे १९६१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची प्रशिक्षण पदविकाही याच मार्गावरची आहे. दुसरा मार्ग फुटबॉल संघटनेच्या परवान्यांचा आहे. परवाना म्हणजे विशिष्ट पातळीवरच्या संघाला शिकवण्याची अधिकृत मान्यता. भारतात तिची सुरुवात ‘डी’ परवान्याने होते आणि पुढे आशियाई महासंघाची मान्यता असलेले ‘सी’, ‘बी’, ‘ए’ व ‘प्रो’ असे टप्पे येतात. प्रत्येक टप्प्यावर वर्गातील पाठ, मैदानावरचे प्रात्यक्षिक आणि मधल्या काळात प्रत्यक्ष शिकवण्याचा अनुभव अपेक्षित असतो.

या दोन मार्गांची एकमेकांशी गाठ पडत नाही, हीच खरी अडचण आहे. पदवी असलेल्या संचालकाला परवान्याची सक्ती नाही, आणि ‘ए’ परवाना मिळवणाऱ्या प्रशिक्षकाला केवळ त्या बळावर महाविद्यालयात कायम पद मिळू शकत नाही. शिवाय वरच्या परवान्याचे शुल्क आणि त्यासाठी बुडणारे कामाचे दिवस यांचा भार मानधनावर जगणाऱ्या स्त्रीला स्वतःच उचलावा लागतो.

शिकवायचे नेमके काय

महाविद्यालयीन संघ हा मुळातच फिरता असतो, कारण पदवीचा काळ संपला की खेळाडू निघून जाते. पहिल्या वर्षी चेंडू थांबवणे, पास देणे आणि मोकळी जागा ओळखणे शिकवावे. दुसऱ्या वर्षी बचावफळी, मधली फळी आणि आघाडी यांतील अंतर राखणे शिकवावे. आणि तिसऱ्या वर्षी कुठे संघ आकाराला येत असताना त्यातील निम्म्या मुली परीक्षा, नोकरी किंवा घरच्या जबाबदाऱ्यांमुळे दुरावाव्यात, असे हे चक्र आहे. त्यामुळे येथे डावपेचांपेक्षा भरती महत्त्वाची ठरते. कबड्डीपटूचे चपळ पदलालित्य बचावासाठी, धावपटूचा वेग बाजूच्या आघाडीसाठी आणि हँडबॉल खेळलेल्या मुलीचे हात गोलरक्षणासाठी उपयोगी पडतील, हे ओळखण्याची नजर प्रशिक्षकाला कमवावी लागते.

दुसरा विषय शरीराचा आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ मधील पाहणीनुसार महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय, म्हणजे रक्तातील हिमोग्लोबिनची कमतरता, आढळली. सराव सुरू करण्यापूर्वी रक्ततपासणीचा आग्रह धरणारी प्रशिक्षक म्हणूनच अधिक शहाणी ठरते, कारण दमछाक आणि आळस यांतील फरक तिला त्यामुळेच कळतो. गुडघ्याच्या सांध्याला पुढून-मागून स्थिर ठेवणारा ‘एसीएल’ हा अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण पुरुष फुटबॉलपटूंपेक्षा स्त्रियांमध्ये दुप्पट किंवा त्याहूनही अधिक आढळते. अशा दुखापती टाळण्यासाठी फिफाने ‘११ प्लस’ नावाचा सुमारे वीस मिनिटांचा व्यायामक्रम तयार केला असून धावणे, स्नायूंचे बळ, तोल आणि उडीनंतर योग्य रीतीने जमिनीवर उतरणे यांचा त्यात समावेश आहे. चिखलाच्या मैदानावर, तासाभरासाठी मिळालेल्या जागेत, त्यातली वीस मिनिटे या व्यायामाला देणे हा निर्णय सोपा नसतो. आणि मैदानालगत स्वच्छतागृह व कपडे बदलण्याची बंदिस्त जागा आहे का, ही चौकशीही मुलींच्या प्रशिक्षकाच्या कामाचाच भाग असते, कारण पालक पुष्कळदा याच प्रश्नावर होकार किंवा नकार ठरवतात.

पद निर्माण झाले तर

महाविद्यालयीन प्रशिक्षकपद पूर्णवेळ पेशा बनू शकते, याचे ठळक उदाहरण अमेरिकेत आढळते. तेथे १९७२ च्या ‘टायटल नाइन’ कायद्याने सरकारी निधी घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई केली आणि विद्यापीठांना मुलींच्या खेळावरही खर्च करणे भाग पडले. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या महिला संघाची धुरा अॅन्सन डोरन्स यांनी १९७९ मध्ये स्वीकारली आणि २०२४ मध्ये निवृत्त होईपर्यंत राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धेची २१ विजेतेपदे मिळवली. हे पद सांभाळत असतानाच त्यांनी १९९१ मध्ये पहिला महिला विश्वचषक अमेरिकेला जिंकून दिला. परंतु या उदाहरणाला दुसरी बाजू आहे. कायदा झाला तेव्हा अमेरिकी महाविद्यालयांतील महिला संघांच्या प्रशिक्षकांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. पुढे पदांना पगार व प्रतिष्ठा आली तसे पुरुष या क्षेत्रात आले आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याच्याही खाली गेले.

मुंबईसाठी ही बाब विचारात घेण्याजोगी आहे. इंडियन विमेन्स लीग ही देशपातळीवरची साखळी स्पर्धा २०१६–१७ मध्ये सुरू झाल्यापासून आणि केंकरे, पिफा कुलाबा यांसारखे मुंबईचे क्लब महिलांचे संघ उतरवू लागल्यापासून येथेही प्रशिक्षकांची गरज वाढत आहे. नव्या शैक्षणिक धोरणानुसार क्रीडेला श्रेयांक मिळू लागल्याने महाविद्यालयांतही खेळ अभ्यासक्रमाच्या चौकटीत येत आहे. स्त्रियांची क्षमता सिद्ध करण्याची आवश्यकता आता उरलेली नाही. गडहिंग्लज परिसरातून आलेल्या अंजू तुरंबेकर यांनी ‘ए’ परवाना मिळवून राष्ट्रीय महासंघाच्या बालफुटबॉल विभागाचे प्रमुखपद सांभाळले, गोव्याच्या मेमॉल रॉकी २०१७ ते २०२१ या काळात भारताच्या महिला संघाच्या मुख्य प्रशिक्षक होत्या, आणि ६ फेब्रुवारी २०२२ रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर आशियाई चषक जिंकणाऱ्या चीनच्या संघाला शुई चिंगश्या या माजी खेळाडू स्त्रीनेच घडवले होते.

अशा कारकिर्दींचा पाया ज्या पातळीवर घातला जातो, तेथेच पदाचा अभाव आहे. आंतरमहाविद्यालयीन चषकांची संख्या या पातळीवरील प्रशिक्षकाच्या कामाचे माप होऊ शकत नाही, कारण दर तीन वर्षांनी तिचा संघ नव्याने उभा राहतो. पदवी घेऊन बाहेर पडलेल्यांपैकी किती जणी ‘डी’ परवान्याच्या वर्गात बसल्या, किती जणींनी पंचाची शिट्टी हाती घेतली आणि किती जणी पुढच्या पावसाळ्यात धाकट्या मुलींना घेऊन परळच्या त्याच मैदानावर परतल्या, यावरच ते मोजावे लागते. कबड्डीची जी साखळी गिरणगावात मंडळांनी घडवली, ती फुटबॉलमध्ये आज मानधनावरची एकेक प्रशिक्षक जोडत आहे. हंगाम संपताच तिची नेमणूक संपत राहिली, तर त्या साखळीची कडीही दरवर्षी त्याच ठिकाणी सुटत राहील.