लाल शाईचा शेरा

औषध आणि आपण : लेखांक ७

“डॉक्टर, मला पेनिसिलीन चालत नाही.”

ओतूर-नारायणगावपासून मंचर-घोडेगावपर्यंत कुठल्याही दवाखान्यात हे वाक्य कानावर पडतं. केसपेपरच्या कोपऱ्यात लाल शाईनं ‘पेनिसिलीन ॲलर्जी’ असं लिहिलं जातं आणि तो शेरा जन्माला चिकटतो. पाश्चात्त्य देशांत दर दहा रुग्णांमागे साधारण एकाच्या कागदावर तो असतो. अशा रुग्णांची नीट तपासणी केली, तर 100 पैकी 90 हून अधिक जणांना पेनिसिलीन बिनधोक चालतं, असं दिसून आलं आहे.

मग शेरा येतो कुठून? आपल्याकडे ‘गोळी मानवली नाही’, ‘गरम पडली’, ‘रिॲक्शन आली’ हे सगळं एकाच अर्थानं बोललं जातं. जुलाब आणि मळमळ हे औषधाचे त्रास खरे, पण ती ॲलर्जी नव्हे. लहानपणी तापात अंगावर आलेलं पुरळ बरेचदा विषाणूचं असतं. कुणाला सुईच्या धास्तीनंच घेरी आलेली असते. कुणी तर आईला चालत नाही म्हणून स्वतःही नको म्हणतं. धोक्याची ॲलर्जी वेगळी. बहुधा तासाभरात अंगावर पित्त उठतं, ओठ-डोळे सुजतात, घसा आवळतो, धाप लागते, रक्तदाब कोसळतो. आणि तीही कायम टिकतेच असं नाही. 10 वर्षांनी सुमारे 80 टक्के लोकांची ती ओसरलेली असते.

एवढी चिकित्सा कशाला, असं वाटेल. समजा, उसात काम करणाऱ्या एका बाईवर बिबट्यानं झडप घातली. जखम धुतली, रेबीजची लस दिली. पण बिबट्या मांजरकुळातला. त्याच्या तोंडातल्या पाश्चुरेला या जंतूवर पेनिसिलीनच्या घराण्यातलं औषध हुकमी चालतं. अशा चाव्यावर पहिली पसंती अमॉक्सिसिलीन-क्लॅव्ह्युलॅनेटला. केसपेपरवर लाल शेरा दिसला, की डॉक्टरांचा हात तिथंच थांबतो. पर्याय म्हणून सुचणारी एरिथ्रोमायसिन, क्लिंडामायसिन एकटी दिली तर या जंतूपुढं तोकडी पडतात. न्यूमोनियात पेनिसिलीनऐवजी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं, तर आत दडलेला क्षय काही दिवस झाकला जाऊन निदान लांबतं. ज्या पेनिसिलीनसाठी आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला, 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी उभी राहिली, ते एका जुन्या शेऱ्यापायी नाकारलं जावं, याचं मला फार वाईट वाटतं.

शेरा तपासण्याची सुरुवात प्रश्नांनी होते. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी 2020 मध्ये सुचवलेल्या पद्धतीत तीनच गोष्टी विचारतात : त्रास गेल्या पाच वर्षांतला का? घसा-चेहरा सुजणं, बेशुद्धी किंवा कातडी सोलवटणं असं गंभीर काही होतं का? त्यावर उपचार घ्यावे लागले का? “आजी, तेव्हा नेमकं काय झालं होतं?” एवढं विचारून डॉक्टर स्वस्थ ऐकत बसले, तरी निम्मं काम होतं.

धोका कमी ठरला, तर रुग्णालयातच अमॉक्सिसिलीनची एक मात्रा तोंडानं देतात. हाताला रक्तदाबाचा पट्टा, शेजारी ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन तयार, आणि तासभर खाटेवर बसून राहायचं. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत कमी धोक्याच्या 187 जणांना अशी थेट मात्रा दिली. ॲलर्जी निघाली एकाला. मात्र कातडी सोलवटून तोंड आलेलं असेल, तर ही चाचणी कधीच करायची नाही. आणि घरी गोळी घेऊन कुणीही स्वतःवर प्रयोग करू नये.

शेरा खोटा ठरला, तर तो केसपेपरवरून, डिस्चार्ज कार्डावरून, गावच्या डॉक्टरांच्या वहीतूनही खोडायला हवा. नाहीतर पुढच्या भरतीत तो परत उगवतो. आपल्या किंवा घरच्यांच्या फायलीत असा शेरा असेल, तर पुढच्या वेळी ती फाईल डॉक्टरांपुढं ठेवा आणि विचारा, “हे कधी, कशावरून लिहिलं?”