कुणाच्या नावावर, कुठल्या तारखेला

खात्यात थेट पैसे ही कल्पना आता सरकारी जाहिरातींमधून घरोघर पोचली आहे. मालवण तालुक्यातल्या आचरा गावाला मात्र तिचा अनुभव फार जुना आहे. टपाल खात्याची मनीऑर्डर 1880 साली सुरू झाली, आणि पुढच्या काळात आचरा, चिंदर, त्रिंबक, पळसंब, वायंगणी या टापूतली कितीतरी घरं तिच्यावर जगली. एका पिकाची भातशेती वर्षभर पुरायची नाही आणि मासेमारी पावसाळ्यात बंद. मग घरातला कर्ता मुलगा आगबोटीने मुंबई गाठायचा. तिथे लालबाग-परळला गाववाल्यांच्या खोलीत पथारी, खानावळीत जेवण आणि गिरणीत पाळी. पगार झाला की आधी पोस्टाच्या रांगेत उभं राहायचं, बाकीचं नंतर. 2011 च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात हजार पुरुषांमागे 1036 आणि रत्नागिरीत 1122 स्त्रिया होत्या. पुरुष कुठे होते, हे कोकणात कुणाला विचारावं लागत नाही.

त्या मनीऑर्डरचा फॉर्म नीट आठवून पाहावा. त्याच्या खाली संदेशाचा छोटा तुकडा असे. ‘पत्र मिळाले, बाबांना औषध आणावे, कौले परतून घ्यावीत’ एवढंच त्यात मावायचं. पोस्टमन पडवीत बसून तो वाचून दाखवी, नोटा मोजून देई, सही येत नसेल तर साक्षीदारासमोर अंगठा घेई. मग पोच मुंबईला परत जाई. गिरणीतल्या माणसाच्या हाती महिन्याकाठी घराचा एवढाच पुरावा पडायचा.

पण ही मनीऑर्डर यायची कुणाच्या नावावर? बहुतेक घरांत सासऱ्याच्या, नाहीतर सासूच्या. शेतात राबणाऱ्या, गुरं सांभाळणाऱ्या, पोरं वाढवणाऱ्या सुनेला नवऱ्याच्याच कमाईतले चार आणे मागून घ्यावे लागत. मनीऑर्डरीने कोकण जगवलं हे आपण अभिमानाने सांगतो. त्या पैशावर बाईचा हक्क किती होता, हे सांगायचं राहून जातं.

18 जानेवारी 1982 ला मुंबईचा गिरणी संप सुरू झाला. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि तो संप रीतसर मिटलाच नाही. इतिहासात या संपाची नोंद गिरणगावाची म्हणून होते. त्याची झळ कोकणातल्या खेडोपाडी पोचली होती. मनीऑर्डर आधी उशिरा यायला लागली, मग कमी झाली, मग थांबली. वाण्याची उधारी महिन्याच्या भरवशावर चालते. तो भरवसा गेला की तांदूळही थांबतो आणि शाळेची फीसुद्धा. गरिबाच्या घरी येणाऱ्या पैशात रकमेइतकीच तारीख महत्त्वाची असते, हे कोकणाने तेव्हा सोसून पाहिलं.

आता आजची गोष्ट. मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण योजना जून 2024 च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली आणि 1 जुलैपासून लागू झाली. 21 ते 65 वयाची स्त्री, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत, आणि महिन्याला 1500 रुपये तिच्या आधार जोडलेल्या बँक खात्यात. ऑगस्टच्या मध्यावर जुलै-ऑगस्टचे मिळून 3000 रुपये जमा होऊ लागले. त्या वर्षी गणेशचतुर्थी 7 सप्टेंबरला होती. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी, त्यामुळे किनाऱ्यावरच्या घरांचे हात आधीच रिकामे झालेले, आणि समोर गणपतीवरची माटवी सजवायची, मुंबईची माणसं यायची. नेमक्या या दिवसांत पैसे आले. निवडणूक तोंडावर होती, हे सगळ्यांना दिसत होतं. बायकांनाही दिसत होतंच. पण पैसे खर्च कसे करायचे हे त्यांनी आपल्या घराकडे पाहून ठरवलं.

दीड हजारात काय होतं, असा प्रश्न पगारदार माणूस सहज विचारतो. तो आचऱ्यात येऊन विचारावा. रक्तदाबाच्या आणि साखरेच्या गोळ्या महिनाभर खंड न पडता घेता येतात. बचत गटाचा हप्ता चुकत नाही. मोठं दुखणं निघालं तर सिंधुदुर्गातला माणूस आजही गोव्याला बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात जातो. उपचार तिथे होतात, पण गाडीभाडं, सोबतच्या माणसाचं जेवण आणि बुडालेली मजुरी कुठल्याच योजनेत बसत नाही. तिथे हे पैसे लागतात. मासळीची पाटी घेऊन बसणारी बाई लिलावात चार किलो माल स्वतःच्या पैशाने उचलू शकते, व्यापाऱ्याच्या उचलीवर तिला विसंबावं लागत नाही. आणि ती हे कुणाला विचारून करत नाही. मला या योजनेतली सर्वात मोठी गोष्ट हीच वाटते. नोटांच्या आधी तिच्या नावाचं खातं आलं, आणि त्या खात्यावर सासऱ्याचं नाव नाही.

गंमत अशी की पोस्टही परत आलं. 2018 साली सुरू झालेल्या पोस्ट पेमेंट्स बँकेमुळे पोस्टमन आता छोटं यंत्र घेऊन दारात येऊ शकतो. त्यावर बोट टेकवलं की पैसे हातात. आजीच्या पिढीने अंगठा दिला तो घरी आलेल्या पैशाची पोच म्हणून. नात आज बोट टेकवते ते स्वतःचे पैसे काढायला.

‘फुकटचा पैसा माणसाला बिघडवतो’ हा आक्षेप जगभर तपासून झाला आहे. मेक्सिकोने 1997 पासून आणि ब्राझीलने 2003 पासून गरीब कुटुंबांतल्या आयांच्या हाती पैसे दिले. मुलांची शाळेतली हजेरी वाढली. आपल्या शेजारच्या मध्य प्रदेशात 2011 ते 2013 या काळात सेवा संघटनेने युनिसेफच्या मदतीने काही गावांत प्रत्येक माणसाला दरमहा छोटी रक्कम दिली, मुलांच्या वाट्याची आईकडे. लोकांनी धान्य-भाजी जास्त घेतली, शेळ्या घेतल्या, शिवणयंत्रं घेतली, काम सोडलं नाही. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 मध्ये अनेक देशांतले निष्कर्ष एकत्र पाहिले, तेव्हाही अशा पैशाने दारू-तंबाखूवरचा खर्च वाढत असल्याचं दिसलं नाही.

खरा दोष लाभार्थी बायकांत नाही, योजनेच्या चालवण्यात आहे. हप्त्याची पक्की तारीख नाही. कधी दोन महिन्यांचे एकदम येतात, कधी महिना उलटला तरी घोषणेची वाट पाहायची. बाजारात बायकांशी बोललं की एकच तक्रार ऐकू येते: ‘पैशे कधी येतले ता कोणच सांगना नाय.’ निवडणुकीआधी अर्ज भराभर मंजूर झाले, आणि 2025 च्या जुलैमध्ये 26 लाखांहून अधिक लाभार्थ्यांचे पैसे अपात्रतेच्या संशयावरून थांबवले गेले. त्यांत पुरुषही निघाले. त्यांना वगळलं ते योग्यच. मग सप्टेंबरात ई-केवायसी सक्तीची झाली, आणि तिच्यात पती किंवा वडिलांचा आधार क्रमांक मागितला गेला. ज्या विधवेचे वडीलही हयात नव्हते तिने तेव्हा कुणाचा क्रमांक द्यायचा होता? बाईच्या नावावर पैसे देणाऱ्या योजनेने तिची ओळख पुन्हा पुरुषाच्या नावावर नेऊन बांधली. शिवाय जिला शेतकरी सन्मान योजनांतून महिन्याकाठी हजार रुपये मिळतात तिला इथे फक्त 500. निवडणुकीत दिलेला 2100 रुपयांचा शब्द तर तसाच राहिला. आणि या योजनेसाठी सामाजिक न्याय व आदिवासी विकास विभागांचा निधी वळवला गेला, तेव्हा सामाजिक न्याय मंत्र्यांनीच उघड नाराजी व्यक्त केली. एका गरिबाच्या ताटातलं काढून दुसऱ्याला वाढणं हे मला कुठल्याही हिशेबाने पटत नाही.

याच महाराष्ट्राने एकदा वेगळा रस्ता दाखवला आहे. 1972 च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी राज्यभर उभी राहिली, आणि 1977 मध्ये विधिमंडळाने तिचा कायदा केला. काम मागणाऱ्याला काम देणं सरकारवर बंधनकारक झालं. सरकारं बदलली तरी हमी टिकली, आणि 2005 मध्ये देशाने तशीच हमी कायद्यात आणली. लाडक्या बहिणीला मात्र आजही फक्त शासन निर्णयाचा आधार आहे. तो एका सहीने बदलतो.

म्हणून मागणी स्पष्ट करायला हवी. या पैशाचा कायदा करा. महिन्याची तारीख त्यातच लिहा आणि उशीर झाला तर भरपाई द्या. रक्कम महागाईशी जोडा. नाव वगळण्याआधी त्या बाईला लेखी कारण आणि दाद मागायला गावातच जागा द्या. तिच्या ओळखीला तिचा स्वतःचा आधार पुरेसा माना. पुढच्या ग्रामसभेत हा ठराव मांडता येईल. त्याला कुणाची परवानगी लागत नाही.