हरूनही हात का थांबत नाही?

गटाच्या मासिक सभेत आम्ही कर्जमागणीचे अर्ज वाचतो. कारण लिहिलेलं असतं 'घरखर्च' नाहीतर 'आजारपण'. सभा उठल्यावर एखादी ताई बाजूला घेऊन खरं सांगते. मालकांनी मटक्यात पैसे घालवलेले असतात, नाहीतर मुलाने मोबाइलवरच्या रमीत. आणि ती विचारते, "इतकं हरूनही हात थांबत का नाही?"

आधी हिशेब मांडू. मटक्यात शून्य ते नऊ असे दहा आकडे. एका आकड्यावर रुपया लावला आणि तो लागला, तर साधारण नऊ रुपये मिळतात. रोज १०० रुपये लावले, तर दहा दिवसांत सरासरी एकदा आकडा लागणार. गेले १,०००, आले ९००. जितका खेळ जास्त, तितका तोटा जास्त.

हे खेळणाऱ्यालाही कळतं. पण मन आपल्या गटाच्या वहीसारखी जमा-खर्चाची नोंद ठेवत नाही. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर प्रयोग केले. चोच मारल्यावर दाणा कधी मिळे, कधी नाही. अशी सवय लागलेली कबुतरं दाणा बंद झाल्यावरही कितीतरी वेळ चोच मारत राहिली. जुगाराचं तसंच आहे. कधीतरी मिळतं, आणि ते कधी मिळेल हे ठाऊक नसतं, म्हणूनच ओढ लागते.

त्यात मन आणखी फसवतं. सत्ता लावला आणि अठ्ठा आला, की वाटतं, थोडक्यात हुकलं. खरं तर एका घराने हुकलं काय आणि पाच घरांनी हुकलं काय, पैसे गेलेच. दुसरं, "हा आकडा बरेच दिवस आला नाही, आज येणारच." पूर्वी मुंबईत मडक्यातून चिठ्ठी काढत, म्हणून नाव पडलं मटका. पण काल कोणती चिठ्ठी निघाली, हे मडक्याला कुठे आठवतं?

सगळ्यात घातक विचार तिसरा: "एकदा गेलेले वसूल होऊ दे, मग सोडतो." आता तो जिंकायला नाही, तर तोटा भरून काढायला खेळतो. इथूनच उसनवारी, खोटं बोलणं आणि दागिने गहाण टाकणं सुरू होतं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत जुगाराचं व्यसन दारूच्या व्यसनाबरोबरच येतं. म्हणून नुसत्या शपथेने ते सुटत नाही. "तुझंच लक्ष नाही" असं सासरच्यांनी सुनेला ऐकवणंही चूक आहे. दोष तिचा नाही.

मग करायचं काय? जुगाराची देणी फेडायला गटाचं कर्ज उचलू नका. देणं फिटलं, की त्याला पुन्हा खेळायला मोकळीक मिळते, आणि हप्ते तुमच्या मजुरीतून जातात. तुमचं बँक खातं, एटीएम कार्ड आणि मोबाइलचा पिन तुमच्याच हाती ठेवा. कोऱ्या कागदावर सही करू नका. कोणाचं किती देणं आहे, हे त्याच्यासमोर बसून लिहून काढा. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. त्यामुळे "हे कायदेशीर आहे" असं कोणी म्हटलं, तर ऐकू नका.

उपचारासाठी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांना भेटा. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत, मराठीतही बोलता येतं. कर्जात बुडालेला माणूस "जगण्यात अर्थ नाही" असं म्हणाला, तर ते धमकी समजून सोडून देऊ नका. त्याला एकटं ठेवू नका आणि लगेच फोन करा.

आणि गटातल्या बायांनो, येत्या सभेत एवढं करा. अर्जावर खरं कारण लिहिणाऱ्या ताईला कोणी नावं ठेवायची नाहीत, असं ठरवा. कर्ज नाकारलं, तरी तिच्याबरोबर दवाखान्यात कोण जाणार, हे त्याच सभेत ठरू द्या.