कांजिण्या : घरी काय करावे, काय टाळावे?

कांजिण्या ‘व्हॅरिसेला झोस्टर’ या विषाणूमुळे होतात. पुरळ उठण्याच्या १-२ दिवस आधीपासून सर्व फोडांवर खपल्या धरेपर्यंत मुलाकडून इतरांना लागण होऊ शकते. तोवर मुलाला शाळेत पाठवू नका. गर्भवती व तान्ह्या बाळांपासून दूर ठेवा.

‘देवी आल्या’ असे मानून अनेक घरांत मुलाची अंघोळ बंद करतात. तशी गरज नाही. कोमट पाण्याने अंघोळ घाला, अंग हलकेच टिपा, नखे कापा, खाजेवर कॅलामाइन लोशन लावा. तापासाठी डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणातच पॅरासिटामॉल द्या. अ‍ॅस्पिरिन मात्र देऊच नका. त्यामुळे यकृत व मेंदूला गंभीर इजा होऊ शकते.

धाप, गुंगी, सतत उलट्या किंवा फोडांभोवती लाली व सूज दिसल्यास लगेच डॉक्टरांकडे न्या.